बारा मावळांचा एकच देशमुख

या, एका गृहस्थांशी ओळख करून देतो. मावळात राहत असाल तर तुम्ही त्यांना पाहिलेलं आहे, नाव विचारायची वेळ आली नसेल एवढंच. वडगावला तहसील कचेरीत काम काढून गेलात की कचेरीच्याही आधी ज्या सेवा केंद्रात बसावं लागतं, तिथल्या कॉम्प्युटरवर त्यांचा मुक्काम असतो. शिकलेली मंडळी त्यांना ‘सिंगल साइन-ऑन’ म्हणतात, बाकीचे ‘एकच लॉगिन’. बोलणं तोंडभरून. ‘एकदा माझ्याकडे नाव-गाव सांगा, पुढची सगळी दारं मी बघतो!’

शिवकाळात मावळ बारा होते आणि खोऱ्याखोऱ्याचा देशमुख वेगळा. रोहिडखोऱ्यात जेधे, हिरडस मावळात बांदल. एकाचा हुकूम दुसऱ्याच्या खोऱ्यात चालत नसे. आपल्या तालुक्यात अंदर मावळ, नाणे मावळ, पवन मावळ ही नावं अजून रोजच्या बोलण्यात आहेत. ह्या गृहस्थांची हौस अशी, की सगळ्या खोऱ्यांचं वतन आपल्या एकट्याच्या नावावर व्हावं. म्हणून मी त्यांना देशमुख म्हणतो. त्यांना ते आवडतं.

त्यांच्या आधी काय होतं, ते कामशेतकडच्या एका घरात बघायला मिळालं. टीव्हीखालच्या खणात विमा एजंटनं दिलेली जुनी डायरी. एका पानावर ‘सातबारा’, पुढच्यावर ‘लाईट बिल’, मग ‘पोरीची स्कॉलरशिप’, ‘रेल्वे’, ‘डिजिलॉकर’. प्रत्येक पानावर गणपती. म्हणजे ‘गणपती@123’. त्यावर काट मारून ‘गणपती@1234’, त्यावरही काट मारून ‘गणपती@12345 – पहिलं अक्षर मोठं’. स्कॉलरशिपच्या पानावर तीन पासवर्ड आणि शेजारी लाल पेनानं शेरा, ‘यातला एक चालतो’. ह्या डायरीला उदबत्ती ओवाळायचीच काय ती बाकी होती. ती फाडून टाकता यावी म्हणून देशमुखांचा अवतार.

कामाची पद्धत मात्र त्यांची खरोखर खानदानी आहे. तुम्ही एखाद्या साइटच्या दारात जाता. ती तुम्हाला पासवर्ड विचारत नाही, देशमुखांच्या वाड्यावर धाडते. पासवर्ड, ओटीपी, काय ते सोपस्कार तिथं. खात्री पटली की देशमुख एक चिठ्ठी देतात, ‘माणूस तोच आहे, आत घ्यावे.’ चिठ्ठीवर त्यांची डिजिटल सही, आणि मुदत अगदी थोडी. साइट सही तपासते आणि दार उघडते. मग तुम्ही दुसऱ्या साइटवर जाता, तीही वाड्याकडेच बोट दाखवते. पण ह्या खेपेला देशमुख तुम्हाला उभं करत नाहीत. ‘आत्ताच तर येऊन गेलात’ म्हणत दुसरी चिठ्ठी फाडून देतात. पडदा एकदा लुकलुकतो, बस. जीमेल उघडं असलं की यूट्यूब वेगळा पासवर्ड मागत नाही ते ह्याच चिठ्ठीच्या जोरावर.

हा हेलपाटा पडतो कारण ब्राउझर स्वभावानं कडक आहे. एका साइटनं ठेवलेली खूण तो दुसऱ्या साइटला दाखवत नाही. एकाच आडनावाच्या साइट असतील, म्हणजे पत्त्याची शेपटी एकच असेल, तर घरातल्या घरात खूण चालते. आडनाव बदललं की वाड्याशिवाय गत्यंतर नाही.

देशमुखांचा मोठा गुण म्हणजे पोटात ठेवण्याचा. तुमचा पासवर्ड ते कुठल्याही साइटला सांगत नाहीत. साइटला मिळते ती फक्त चिठ्ठी. हाच गुण दुसऱ्या बाजूनं पाहिला तर थोडा अडचणीचा आहे. चिठ्ठी लिहिणाऱ्याला, ती कोणाच्या दारात न्यायची, हे ठाऊक असतंच. तुम्ही सकाळी सातबारा पाहिलात, दुपारी कर्जाची चौकशी केलीत, संध्याकाळी परराज्यातल्या नोकरीचा फॉर्म भरलात, तर त्या तीन साइटना एकमेकींची खबर नाही. वाड्याच्या वहीत मात्र तिन्ही नोंदी. बोलत नाहीत, पण बघतात सगळं. खेड्यात अशा माणसांबद्दल आदर असतो आणि त्यांच्या ओट्यासमोरून जाताना जरा सावधपणाही असतो.

घराण्याचा अभिमान दांडगा. मूळ पुरुष अमेरिकेतल्या एमआयटीमधला, 1980च्या दशकातला, नाव केर्बेरॉस. हे ग्रीक पुराणातल्या पाताळाच्या दारावर बसणाऱ्या तीन तोंडांच्या कुत्र्याचं नाव, पण देशमुख तेवढा तपशील गाळतात. पुढं 1999 मध्ये मायक्रोसॉफ्टनं ‘पासपोर्ट’ काढून अख्ख्या इंटरनेटची देशमुखी मागून पाहिली. ती मिळाली नाही. त्यानंतर गूगल, फेसबुक, अ‍ॅपल अशी वेगवेगळी घराणी झाली. हॉटेलाच्या नाहीतर बंगल्याच्या बुकिंगला लोणावळ्याचा एखादा पत्ता उघडा, दारातच ‘गूगलनं आत या’, ‘फेसबुकनं आत या’ अशी बटणं ओळीनं उभी असतात.

आता त्यांच्या दुखऱ्या जागेवर येऊ. ती म्हणजे ‘एकच’.

केंद्र सरकारनं जुलै 2022 मध्ये गांधीनगरच्या डिजिटल इंडिया सप्ताहात ‘मेरी पहचान’ नावाची राष्ट्रीय शाखा काढली. एक ओळख, सगळ्या सरकारी सेवा. दारात जाऊन बघावं तर तिथं तीन चौकटी: डिजिलॉकर, ई-प्रमाण, जनपरिचय. म्हणजे लॉगिन एकच, पण कोणतं एकच ते आधी तुम्ही ठरवा. राज्यात ‘महाडीबीटी’ आहे. शेतकऱ्यांसाठी तिची घोषणा फार झकास आहे, ‘अर्ज एक, योजना अनेक’. पण त्याच महाडीबीटीवर बापाचं ठिबक सिंचनाचं दार वेगळं आणि पोरीच्या शिष्यवृत्तीचं दार वेगळं. बापाच्या नावानं पोरीच्या दारात गेलात तर ओळख देत नाहीत. ‘आपले सरकार’ पोर्टल 2015च्या लोकसेवा हक्क कायद्यानं आलेलं. त्याचं खातं आणखी निराळं. भूमी अभिलेखवाल्यांच्या डिजिटल सातबाऱ्याचं आणखी निराळं. त्यात आधी पैसे भरून ठेवायचे आणि उताऱ्यामागे 15 रुपये वजा व्हायचे.

हे देशमुखांना कधी बोलून दाखवू नका. फार लागतं. प्रत्येक खातं छातीला हात लावून सांगतं की आमचं लॉगिन एकच आहे, आणि ते खोटंही नसतं. बारा मावळांत बारा ‘एकच’ देशमुख, एवढीच काय ती भानगड.

मावळात त्यांचं सगळ्यांत मोठं नाट्य घडलं ते शेतकरी ओळख क्रमांकाच्या निमित्तानं. अ‍ॅग्रिस्टॅक नावाची योजना आली. प्रत्येक खातेदाराला 11 अंकी नंबर. 15 एप्रिल 2025 पासून राज्यातल्या कृषी योजनांना तो सक्तीचा झाला, आणि महाडीबीटीवर शेतकऱ्यानं ह्याच नंबरनं आत शिरायचं ठरलं. भाताची झोडणी उरकून माणसं जरा मोकळी होती तेव्हा गावोगाव शिबिरं लागली. शाळेच्या पडवीत टेबल, लॅपटॉप, आणि समोर हातात पिशव्या धरलेली रांग.

प्रत्येक पिशवीत तेच. आधार, सातबारा, आठ-अ. आणि प्रत्येक कागदावर माणूस वेगळा! सातबाऱ्यावर ‘बाळू’, आधारवर ‘बाळासाहेब’, बँकेच्या पासबुकावर ‘बाळकृष्ण’. आडनावाचं स्पेलिंग दोन ठिकाणी दोन तऱ्हेचं. बाईमाणसांचं तर विचारू नका. माहेरचं नाव एकीकडे, सासरचं दुसरीकडे, आणि वारसनोंदीच्या फेरफारात तिसरंच. पडद्यावर एक आकडा येतो, नाव किती जुळतंय त्याचा. त्याला म्हणतात नेम मॅच स्कोअर. शाळेच्या पडवीत आपल्याच नावाला कमी मार्क पडलेले बघून एक आजोबा ताडकन म्हणाले, ‘अरे, मला समदं गाव वळखतंय.’ ते खरंच होतं. शिबिरातला पोरगाही त्यांना ओळखत होता, आजोबांच्या नातवाचा तो वर्गमित्र. देशमुख ओळखत नव्हते.

ह्यात देशमुखांची चूक म्हणावी तर तसं नाही. एका चिठ्ठीवर दहा दारं उघडायची तर माणूस दहाही ठिकाणी तोच असावा लागतो, एवढी एकच अट त्यांची. ती अट वाजवी आहे. पण मावळातला माणूस कधी ठिकठिकाणी तोच नव्हता. तलाठ्याकडे तो खातेदार, सोसायटीत सभासद, देवळात वर्गणीदार, आणि पुण्यात लेकाकडे गेला की ‘तिसऱ्या मजल्यावरचे बाबा’. प्रत्येक ठिकाणी नाव जरा वेगळं आणि त्यात काही बिघडत नव्हतं. इंद्रायणी तांदूळ वडगावच्या संशोधन केंद्रातून 1987 साली बाहेर पडला. आज कुठल्याही दुकानात, कुठल्याही पोत्यावर त्याचं नाव एकच. तो पिकवणाऱ्याच्या नावाचे मात्र तीन पाठ. मला विचाराल तर ह्या नंबराचा खरा फायदा अनुदानापेक्षा हाच, की त्या धाकानं कैक घरांतल्या रखडलेल्या वारसनोंदी मार्गी लागल्या. जे काम भावकीच्या बैठकींत होत नव्हतं ते देशमुखांनी एका लाल अक्षरातल्या ओळीनं करून घेतलं.

दुसरी त्यांची अट मोबाइलची. वाड्याचं कुलूप कितीही भारी असो, किल्ली म्हणजे शेवटी आधारशी जोडलेलं सिमकार्ड. अंदर मावळात वरच्या अंगाला गेलात की पावसाळ्यात ह्या किल्लीची गंमत बघा. ढग खाली उतरले, वीज गेली, टॉवर बसला. ओटीपी निघालेला असतो, पोचत नाही. एखादी आत्या ओसरीवर बसून फॉर्म भरते आणि पुतण्या मोबाइल घेऊन माळावर. रेंज सापडली की तो तिथून आकडे ओरडतो, ‘चार, नऊ, शून्य…’ आत्या टाइप करेपर्यंत मुदत संपलेली. पुन्हा पाठवा. ह्या खेपेला दोन ओटीपी एकदम येतात, जुना आणि नवा, आणि माळावरून भांडण सुरू होतं की आत्याला कोणता सांगितला.

बरं, सिम तरी कोणाचं? घरात मोबाइल पाच आणि आधारला जोडलेला नंबर सगळ्यांचा एकच, थोरल्या मुलाचा. तो चाकणला कंपनीत, शिफ्टला फोन लॉकरमध्ये. आईनं सेवा केंद्रात बसून त्याची जेवणाची सुट्टी होईपर्यंत वाट बघायची. देशमुखांच्या कागदांत प्रत्येक माणूस सुटा, आपापल्या किल्लीचा मालक. मावळच्या घरांत किल्ली अजून एकत्र कुटुंबाची आहे.

लोणावळ्याकडे त्यांची जी पाती गेली ती जरा शहरी, चटपटीत. रेल्वेवाली. पुणे-लोणावळा लोकल 1978 पासून धावते, आणि तळेगाव, कामशेत, मळवलीची पोरं तिच्यावर वाढली. त्यांच्या मोबाइलमध्ये रेल्वेची अख्खी भावकी असायची. आरक्षणाला रेल कनेक्ट, लोकलच्या तिकिटाला यूटीएस, गाडी कुठं आहे ते बघायला एनटीईएस, तक्रारीला रेल मदद. 1 जुलै 2025 ला रेल्वेनं ‘रेलवन’ काढून ह्या सगळ्यांना एका छपराखाली आणलं. बरं केलं ते असं, की नवं खातं काढायला लावलं नाही. रेल कनेक्टचं किंवा यूटीएसचं जुनं लॉगिन चालतं, मग पुढं पिन किंवा अंगठा. देशमुखांच्या सबंध खानदानात इतकी समजूतदार पाती दुसरी नसेल. यूटीएस तर भलताच मानी होता. रुळांपासून काही अंतर लांब उभं राहिल्याशिवाय पेपरलेस तिकीट द्यायचा नाही. मळवलीला लोकल फलाटात शिरताना दिसते आहे आणि भाजे लेणी बघून आलेला कॉलेजचा घोळका तिकिटासाठी उलट्या दिशेनं धावतो आहे, हे दृश्य त्यानंच दाखवलं.

राग? आहे की. आणि तो बारक्यासारक्या माणसासारखा नाही. डायरीतला एक गणपती चुकला तर एक दार बंद राहायचं. देशमुख रुसले की एकदम सगळी. 4 ऑक्टोबर 2021 ला फेसबुक सहा तासांच्या आसपास आडवं झालं, तेव्हा फेसबुकच्या बटणानं दुसऱ्याच साइटवर जाणारी माणसंही जगभर दारात ताटकळली. त्या साइट बिचाऱ्या धडधाकट होत्या, चिठ्ठी लिहिणाराच जागेवर नव्हता. त्याआधी 2018 मध्ये तर चोरांनी चिठ्ठ्याच पळवल्या. फेसबुकनं आधी 5 कोटी खात्यांचा आकडा सांगितला, मग तो 3 कोटींवर आणला. पासवर्ड कोणाचाच फुटला नव्हता. चिठ्ठी हातात असल्यावर पासवर्ड कशाला लागतो? आपल्याकडे असा प्रसंग आला की सेवा केंद्राच्या काचेवर ‘सर्व्हर डाऊन’ असा कागद चिकटतो. हल्ली काही ठिकाणी तो लॅमिनेट करून ठेवला आहे.

आणखी एक खोड सांगितल्याशिवाय ओळख पुरी व्हायची नाही. देशमुख बसले की उठत नाहीत. एका साइटवरून ‘लॉग आउट’ केलं म्हणजे वाड्यावरूनही निघालात असं नव्हे. तिथली बैठक चालूच असते. घरच्या फोनवर ह्याचं काही वाटत नाही. सेवा केंद्राच्या एकाच कॉम्प्युटरवर दिवसभर सगळं गाव येऊन जातं, तिथं गोंधळ उडतो. एकदा एक मावशी उत्पन्नाच्या दाखल्याचा अर्ज भरून उठल्या. पुढचा गडी खुर्चीत बसला, वेगळीच सरकारी साइट उघडली, तर तिनं त्याचं मावशीच्या नावानं स्वागत केलं. गडी मिशीवाला. त्यानं भीत भीत विचारलं, ‘पुढं जाऊ का?’ चालक पोरगा झेरॉक्स मशीनमागून ओरडला, ‘थांबा काका, तुम्ही अजून मावशीच आहात!’ मग त्यानं येऊन दोन ठिकाणांहून मावशींना बाहेर काढलं, ब्राउझर बंद केला, आणि काका काका झाले.

हा चालक पोरगा म्हणजे देशमुखांचा खरा कारभारी. त्याच्या खणात दोनशे पानी वही असते. त्यात गावाचे नंबर, गावाचे पासवर्ड, आणि कोणाचा ओटीपी कोणाच्या लेकाकडे जातो त्याची नोंद. कायद्यानं हे वाईट आहे. पासवर्ड दुसऱ्याच्या वहीत नसावा, हे तोही सगळ्यांना सांगतो. पण तो दोन दिवस लग्नाला गेला की केंद्राबाहेर माणसं पायरीवर बसून राहतात, कारण गावाचं एकच लॉगिन तोच आहे.

मागं त्यातल्या एका काकांचा 11 अंकी नंबर मंजूर होऊन आला. पोरानं त्यांना समजावलं, आता कागद घेऊन फिरायचं नाही, नंबर सांगितला की झालं. काका खुशीत. दुसऱ्या दिवशी पीककर्जाला म्हणून एका संस्थेत गेले आणि टेबलावर ऐटीत नंबर सांगितला. टेबलामागच्यांनी चष्म्यातून वर पाहिलं.

‘छान. आधार, सातबारा, आठ-अ, पासबुक. आणि हा नंबर आलाय त्याची प्रिंट. सगळ्याच्या दोन-दोन झेरॉक्स.’